अंगठा, पेरा आणि ओटीपी

घाटंजी तालुक्यातल्या एका गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. ‘डिजिटल इंडिया’ १ जुलै २०१५ ला सुरू झालं, पण आमच्याकडे त्याची खरी परीक्षा झाली २०१७ च्या कर्जमाफीत. अर्ज ऑनलाइनच भरायचे होते आणि रात्रीपर्यंत रांगा हलत नव्हत्या. तेव्हापासून जे शिकले, ते असं.

१. आधी बोटं बघा. कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या टोकांनी बायांची बोटं चिरलेली असतात, मशीन अंगठा घेतच नाही. “माहा अंगठा माहा नाही म्हन्ते का हे?” असं एका आजीनं विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०२३ पासून पीएम-किसानची केवायसी चेहरा दाखवून होते. ही सोय ज्यानं केली त्याचे माझ्यासारख्यांवर उपकार आहेत.

२. पेऱ्याची नोंद बरोबर, तर पुढचं सगळं बरोबर. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकरी आपल्या वावरात उभा राहून पिकाचा फोटो काढतो आणि पेरा सातबाऱ्यावर चढतो. मला ही व्यवस्था मनापासून पटते. आपल्या वावरात काय उभं आहे हे सांगायचा पहिला हक्क शेतकऱ्याचाच. पण २०२५ च्या हंगामात सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी लागली, आणि तिथे पेरा बघतात. एका काकांचं वावर कापसानं पांढरं झालेलं, सातबाऱ्यावर मात्र सोयाबीन! मुलगा पुण्याला, घरात साधा फोन; पाहणी भलत्यानंच करून दिली होती. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. दुरुस्ती होईपर्यंत काकांना पैशांची नड होती, अर्धा कापूस खेडा खरेदीत पडेल भावानं गेला. नोंद केल्यावर ४८ तासांत शेतकऱ्याला स्वतः दुरुस्ती करता येते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आता मी प्रत्येकाला त्याची नोंद मोठ्यानं वाचून दाखवते.

३. आधारला जोडलेला नंबर चालू ठेवा. रिचार्जअभावी सिम बंद पडलं की ओटीपी येत नाही, आणि पीएम-किसानचा हप्ता अडकतो.

४. कोलाम आदिवासींच्या पोडावर (वस्तीवर) आपणच जायचं. एका दाखल्यासाठी त्यांची मजुरी बुडवणं मला पटत नाही. रेंज नसेल तर कागद गोळा करून आणते.

५. आता एआय येतंय. राज्यानं २०२५ मध्ये ‘महाअ‍ॅग्री-एआय’ धोरण मंजूर केलं. जरूर यावं. फक्त एक लक्षात ठेवा: २०१७ मध्ये आमच्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. औषधाच्या डब्यावरची बारीक अक्षरं कित्येकांना वाचता येत नाहीत. म्हणून एआयचा सल्ला बोलून मिळाला पाहिजे, वऱ्हाडीत विचारलेलं त्याला कळलं पाहिजे, आणि ‘एका पंपाला किती’ हे त्यानं स्पष्ट सांगितलं पाहिजे.