गजकर्णावरचे मलम: कोणते, किती आणि किती दिवस

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या काळात हवा इतकी दमट असते की दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. याच दिवसांत भातलावणी चिखलात उभे राहून करावी लागते, आणि ऑगस्टच्या आरंभी यांत्रिक नौकांवरील मासेमारीबंदी उठली की खलाशांचे दिवसाचे अनेक तास ओल्या कपड्यांत जातात. मालवण, देवगड आणि वेंगुर्ले या पट्ट्यात जांघेतले व कमरेवरचे गजकर्ण, पायाच्या बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या आणि पाठ-छातीवरचे शिबे यांना पोषक अशी ही परिस्थिती आहे. हे तिन्ही विकार प्रामुख्याने बुरशीमुळे होतात आणि योग्य मलमाने बरे होऊ शकतात. तरीही गजकर्ण वर्षानुवर्षे अंगावर बाळगणारे रुग्ण आज सर्वत्र दिसतात, आणि त्याचे एक मोठे कारण मलम निवडण्याच्या व लावण्याच्या पद्धतीत आहे.

गजकर्णाची बुरशी त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरात राहते आणि तेथील केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते. बुरशीच्या पेशीभोवतीचे आवरण अर्गोस्टेरॉल या स्निग्ध द्रव्यामुळे टिकून राहते, आणि हे द्रव्य मानवी पेशींत नसते. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, किटोकोनाझोल, ल्युलिकोनाझोल ही मलमे तसेच टर्बिनाफिन हे मलम अर्गोस्टेरॉल तयार होण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर अडथळा आणतात, त्यामुळे बुरशीची वाढ थांबते किंवा ती मरते. खाज मात्र बुरशी संपण्याच्या कितीतरी आधी, बहुधा पहिल्या आठवड्यातच, कमी होते. रुग्णाला वाटते की आजार गेला, नळी फडताळात जाते, आणि त्वचेच्या वरच्या थरात व बारीक केसांच्या मुळाशी उरलेली बुरशी थोड्याच दिवसांत पुन्हा पसरू लागते.

म्हणून मलम लावण्याची रीत काटेकोरपणे पाळावी लागते. जागा साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी, कारण ओल्या त्वचेवर मलमाचा थर टिकत नाही. नंतर चट्ट्याच्या बाहेरच्या निरोगी दिसणाऱ्या त्वचेपासून आत येत पातळ थर लावावा आणि चट्ट्याच्या कडेबाहेरची सुमारे २ सेंटिमीटर त्वचाही त्यात घ्यावी, कारण वाढती बुरशी कडेलाच असते. बहुतेक मलमे दिवसातून दोनदा, तर ल्युलिकोनाझोलसारखी काही एकदाच लावायची असतात. चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे उपचार चालू ठेवावा, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. प्रमाणाबाबत वैद्यकात एक सोपे माप वापरतात: प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून काढलेले मलम सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि ते दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. या हिशेबाने चार तळहातांएवढा चट्टा असलेल्या रुग्णाला दिवसातून दोनदा लावण्यासाठी रोज २ ग्रॅम मलम लागते, म्हणजे १५ ग्रॅमची नळी आठवडाभरातच संपते. एवढ्या चट्ट्यावर जिची एक नळी महिनाभर पुरली, त्या व्यक्तीने औषध गरजेपेक्षा फारच कमी वापरले, असे समजावे.

यापेक्षाही गंभीर प्रश्न मिश्र मलमांचा आहे. औषधाच्या दुकानात ‘खाजेचे मलम’ म्हणून मागितल्यावर हाती येणाऱ्या कित्येक नळ्यांत बुरशीरोधक औषधासोबत जिवाणूरोधक औषध आणि स्टेरॉइड असे तीन-चार घटक एकत्र असतात. स्टेरॉइड म्हणजे दाह दडपणारे औषध. ते काही तज्ज्ञ-निदानित विकारांत उपयुक्त असले तरी गजकर्णावर लावल्यास दोन दिवसांत लाली व खाज मंदावते, आणि त्याच वेळी त्वचेची स्थानिक प्रतिकारशक्ती दबल्यामुळे बुरशी निर्वेध पसरते. चट्ट्याची ओळखीची गोल कडाही पुसली जाते, त्यामुळे पुढे निदान करणे डॉक्टरांनाही अवघड होते. जांघेत महिनोन्‌महिने असे मलम लावल्यास त्वचा पातळ होते आणि तेथे पडणारे रुंद वळ कायमचे राहतात. म्हणून नळीवर क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी एखाद्या स्टेरॉइडचे नाव आढळल्यास ते मलम गजकर्णावर स्वतःहून लावू नये. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीविना विकता येणार नाहीत अशा औषधांच्या यादीत आणली, पण ग्राहकाने सावध राहण्याची गरज त्याने संपत नाही. भारतीय उपखंडात पसरलेल्या आणि २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव मिळालेल्या बुरशीच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिनचा परिणाम होत नाही. तिच्या फैलावास स्टेरॉइडमिश्रित मलमांच्या बेसुमार वापराने हातभार लावला असावा, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे.

उग्र इलाजांचा मोह या भागात जुना आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात ‘गोवा पावडर’ नावाची पिवळसर भुकटी गजकर्णावर विकली जाई. ती मुळात ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाची होती आणि पोर्तुगीजांच्या मार्फत गोव्यात आलेली होती. ती गुणकारी होती, पण त्वचा भाजत असे आणि कपड्यांवर न जाणारे डाग पडत. आजही ठेचलेला लसूण किंवा लिंबाचा रस चट्ट्यावर लावल्याने त्वचा पोळते, आणि बुरशीच्या जागी जखम घेऊन रुग्ण दवाखान्यात येतो.

प्रत्येक खाज बुरशीची नसते. काजूच्या टरफलातील दाहक तेल हातांना लागले तर उठणारे फोड आणि साबणाने होणारा इसब यांवर बुरशीरोधक मलमाचा काहीही उपयोग होत नाही. फिकट किंवा तांबूस चट्ट्याला स्पर्श जाणवत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी अवश्य करून घ्यावी. त्याचे औषध सरकारी आरोग्य केंद्रांतून मोफत मिळते. शंका असल्यास चट्ट्यावरची खपली खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची साधी चाचणी बुरशीचे धागे दाखवते.

डोक्यातील आणि नखांतील बुरशीवर मलम बहुधा पुरे पडत नाही. मोठ्या भागावर पसरलेल्या आजारालाही गोळ्या लागतात, आणि यकृताचे विकार, गर्भारपण व चालू असलेली इतर औषधे पाहूनच त्या द्याव्या लागतात. मधुमेही व्यक्तीच्या पायातील चिखल्यांना भेग पडली असेल तर घरगुती उपचारात वेळ घालवू नये. एकाच घरात दोघा-तिघांना गजकर्ण असेल तर सर्वांचा उपचार एकाच वेळी व्हावा, टॉवेल व अंतर्वस्त्रे वेगवेगळी ठेवावीत, आणि ऊन नसलेल्या दिवसांत कपडे गरम इस्त्रीने कोरडे करावेत. मलम लागल्यावर फार आग झाली, पाणी सुटले किंवा चार आठवड्यांत फरक पडला नाही, तर मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे, आणि जाताना आजवर लावलेल्या सर्व नळ्या, रिकाम्या झालेल्यादेखील, सोबत न्याव्यात.