तीस वर्षांचा नंबर जाईल का?

प्रश्न : पावसाळाभर आमचा बीएसएनएलचा लँडलाइन खरखरतो. सगळे ‘फायबर घ्या’ म्हणतात. पण मग जुना नंबर जाईल आणि बोलायला संगणक लागेल ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : संगणक मुळीच लागत नाही, निश्चिंत राहा. फायबरच्या डब्यामागे फोनची खाच असते. तुमच्या फोनची वायर तिथेच बसते. बटणांचा फोन चालतो, चकतीचा बहुधा नाही. नंबरसाठी बीएसएनएल फायबरच्या अर्जातच ‘तोच क्रमांक ठेवावा’ असं लिहा. जुनं कनेक्शन आधी बंद मात्र करू नका, नंबर हातचा जाईल.

खरी काळजी विजेची. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजच सुमारे ४८ व्होल्ट पुरवायचं, म्हणून दिवे गेले तरी घंटी वाजायची. फायबरमधून नुसता प्रकाश येतो. डब्याला छोटा यूपीएस जोडाच. घरात वयस्कर माणसं असतील तर आणीबाणीच्या ११२ साठी मोबाइलही चार्ज करून ठेवा.