भौतिकोपचारांची परिणामकारकता कशी पारखावी?

पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेला माणूस तीन महिन्यांनी काठी टेकीत अंगणात आला, की त्याचे श्रेय त्याला दिलेल्या व्यायामास किंवा मालिशास दिले जाते. परंतु पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत रुग्ण आपोआपही बराच सावरत असतो. म्हणून उपचाराने किती गुण आला आणि निसर्गक्रमाने किती, हे एकट्या रुग्णाकडे पाहून सांगता येत नाही. उपचारासाठी पैसा खर्च होतो, घरच्या माणसांचा रोजगार बुडतो. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मिळविणे अगत्याचे ठरते.

तुलनेची रीत

यासाठी शास्त्रज्ञ रुग्णांचे दोन गट करतात. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे डॉक्टर ठरवीत नाही. ते चिठ्ठी टाकावी तसे दैवावर सोपविले जाते. त्यामुळे रुग्णसंख्या पुरेशी असल्यास दोन्ही गट वय, आजाराची तीव्रता इत्यादी बाबतींत साधारणपणे सारखे राहतात. एका गटाला नवा उपचार व दुसऱ्याला नेहमीचा उपचार दिल्यावर जो फरक उरतो, तो उपचाराचा मानता येतो.

समजुतींची कसोटी

कंबरदुखीला सक्त विश्रांती हवी, ही समजूत जुनी आहे. अमेरिकेत 1986 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 203 रुग्णांपैकी काहींना दोन दिवस, तर काहींना सात दिवस अंथरुणात पडून राहण्यास सांगितले गेले. दोन दिवसांच्या गटाचे कामाचे खाडे 45 टक्क्यांनी कमी झाले. बरे होण्यात मात्र काही फरक आढळला नाही.

याउलट, हालचाल जितकी लवकर व अधिक तितकी उत्तम, हेही सरसकट खरे नाही. ऑस्ट्रेलियासह पाच देशांतील 2,104 पक्षाघातग्रस्तांचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या 24 तासांतच वारंवार उठविलेल्या गटात तीन महिन्यांनी चांगली स्थिती असलेले 46 टक्के, तर नेहमीच्या पद्धतीच्या गटात 50 टक्के आढळले.

काही उपचार मात्र कसोटीस उतरले. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात 222 रुग्ण होते. चांगल्या हातावर मोजा चढवून दुबळ्या हाताकडून दोन आठवडे कसून काम करून घेतले गेले. त्या हाताच्या वापरात झालेली सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती. अर्थात, या रुग्णांच्या मनगटात व बोटांत थोडी हालचाल मुळातच शिल्लक होती.

भारतातील प्रयोग

आपल्या देशात भौतिकोपचार-तज्ज्ञ थोडे आहेत. तेव्हा घरच्या माणसालाच प्रशिक्षण द्यावे, ही कल्पना साहजिकच आकर्षक वाटते. भारतातील 14 रुग्णालयांत 1,250 रुग्णांवर तिची परीक्षा झाली. एका गटातील कुटुंबीयांना रुग्णालयात शिकवून पुढे दोन महिन्यांपर्यंत घरीही मार्गदर्शन केले गेले. 2017 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, 47 टक्के होते.

याचा अर्थ घरची सेवा व्यर्थ आहे, असा नव्हे. दोन्ही गटांना नेहमीची शुश्रूषा व उपचार मिळतच होते; त्यांवर घातलेल्या या विशिष्ट प्रशिक्षणाची भर लाभदायक ठरली नाही, एवढेच सिद्ध झाले. योजना देशभर राबविण्यापूर्वी हे कळले, हाही मोठा लाभच होय.

ध्यानात ठेवण्याजोगे

एखादे यंत्र वा उपचारपद्धती गावात आणण्याचा प्रस्ताव येईल, तेव्हा पंचायत सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : तुलना कशाशी केली? रुग्ण किती व कोणत्या प्रकारचे होते? लाभ किती काळ टिकला? बऱ्या झालेल्या चार रुग्णांची उदाहरणे ही या प्रश्नांची उत्तरे नव्हेत. आणि रुग्णाने चालू उपचार सोडायचा की बदलायचा, हा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावा.