शिबिरासाठी पाठीवरची लाकडी चौकट
सज्जनगडाच्या पायऱ्या चढताना एका खांद्यावरील बोचक्याने मूल वाकते. म्हणून शिबिरापूर्वी कार्यानुभवाच्या तासास पाठीवरची चौकट करवावी. खांद्यापासून कमरेपर्यंतच्या दोन उभ्या पट्ट्यांवर तीन आडव्या पट्ट्या खाचेत बसवून सुतळीने आवळाव्यात. पाठीस लाकूड रुतू नये यास्तव उभ्या पट्ट्यांमध्ये गोणपाट ताणून बांधावे. खांद्यावरचे पट्टेही रुंद असावेत.

लाकडाविषयी मात्र सावध असावे. सातारा-सांगलीकडे बाभूळ सहज मिळते. प्रस्तुत लेखकाने एकदा तिचीच चौकट करविली, ती रिकामीच मुलास जड झाली! सागाच्या पातळ पट्ट्या घ्याव्यात. दप्तर मुलाच्या वजनाच्या दशांशाहून जड नसावे, ही २०२० च्या धोरणातील मर्यादा येथेही पाळावी : ३० किलोच्या मुलास चौकटीसह ३ किलोच. जड जिन्नस पाठीलगत बांधावा. स्वयंपाकाची पातेली शिक्षकांनी उचलावीत.