कोणत्या घड्याळाला विचारलंत?

एकच काम डेस्कटॉपवर दोनदा मोजलं आणि आकडे जुळले नाहीत, की हात आधी सेटिंगकडे जातो. माझं म्हणणं, तो हात थोडा आवरावा. कारण आपण ज्याला कॉम्प्युटरचं घड्याळ म्हणतो ते एक नसतंच. मशीन बंद असताना तारीख-वेळ सांभाळणारं, नाण्याएवढ्या सेलवर चालणारं आरटीसी सेकंदाला 32,768 ठोके देतं. जुना पीआयटी 1.193182 मेगाहर्ट्झवर चालतो, पीएम टायमर त्याच्या तिप्पट, एचपीईटी बहुधा बारापट. (हे पाढे अमेरिकी रंगीत टीव्हीच्या जमान्यातल्या क्रिस्टलची वारसदारी आहेत.) प्रोसेसरच्या पोटातलं टीएससी तर गिगाहर्ट्झच्या घरात. त्यामुळे आकड्यांतली तफावत बऱ्याचदा एवढंच सांगते, की आपण दोन वेगळ्या घड्याळांना विचारलं.

म्हणून तफावतीचा आकार आधी पाहावा. वाचन कधी 0, कधी 15-16 मिलिसेकंदांनी उडी मारत असेल तर बिघाड नाही. विंडोजचा नेहमीचा टिकच 15.625 मिलिसेकंदांचा आहे. त्याने चार मिलिसेकंदांचं काम मोजणं म्हणजे वखारीच्या काट्यावर सोनं तोलणं. बरोबर साडेपाच तासांचा फरक दिसला तर बहुधा लिनक्स आणि विंडोज एकाच मशीनवर नांदत असतात: लिनक्स सहसा आरटीसीमध्ये यूटीसी धरतं, विंडोज स्थानिक वेळ. रात्री प्लग काढला की सकाळी घड्याळ मागे पडत असेल, तर सेल बदलावा.

यावर हमखास सल्ला येतो, एचपीईटी सक्तीने चालू करा. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. 2005 च्या अॅथलॉन 64 एक्स2 मध्ये दोन कोअरची टीएससी खरोखर एकमेकांपासून सरकत आणि वेळ मागे गेल्यासारखी दिसे. तिथे पीएम टायमरकडे वळणं योग्यच होतं. पण आजचं टीएससी प्रोसेसरचा वेग बदलला तरी एकाच लयीत चालतं, आणि एचपीईटी वाचायला बराच जास्त वेळ लागतो. 2018 मध्ये आनंदटेक या हार्डवेअर-चाचण्यांच्या संकेतस्थळाच्या चाचण्यांत एचपीईटी सक्तीने चालू होता, तेव्हा इंटेलच्या प्रोसेसरांचे गेममधले आकडे चांगलेच घसरले. पुढे त्यांनी कारण सविस्तर छापलं. मोजपट्टीच मोजमापाच्या आड आली.

मग सगळी वाचनं जुळली की निश्चिंत व्हावं? तेही नाही. 2013 मध्ये ओव्हरक्लॉकिंगचे विक्रम नोंदवणाऱ्या एचडब्ल्यूबॉटने विंडोज 8 वरचे निकाल घेणं थांबवलं, कारण चालू मशीनचा बेस क्लॉक बदलला की विंडोजची वेळच सरकत होती, आणि तिच्यावर विसंबलेल्या बेंचमार्कना त्याचा पत्ता नव्हता. म्हणून साक्षीदार बाहेरचा हवा. आपोआप वेळ जुळवणं बंद करून मशीन दिवसभर चालू ठेवावं आणि मग एनटीपी सर्व्हरशी ताडून पाहावं. साधा क्रिस्टल दहा लाखांत वीस भाग चुकला तरी दिवसाला 1.7 सेकंद होतात, तेवढं सोडून द्यावं. मिनिटांचा फरक पडला तर मात्र बायोसमधलं ओव्हरक्लॉकिंग आधी मूळ जागी न्यावं. लिनक्सवर कर्नलच्या नोंदींत टीएससी 'अस्थिर' ठरवल्याची ओळ आहे का तेही पाहावं. असेल तर कर्नलने स्वतःच दुसरं घड्याळ निवडलेलं असतं.