पायात काय बांधशील

मिल्टन कीन्स,
९ नोव्हेंबर

प्रिय सई,


परवा फोनवर म्हणालीस, "मावशी, जानेवारीत स्की इन्स्ट्रक्टरचा लेव्हल वनचा कोर्स आहे, तीन स्कींचे फोटो पाठवते, तू फक्त कुठली घेऊ ते सांग." फोटो नीट पाहिले. तिन्हींपैकी एकही घेऊ नकोस. पण नुसतं नको म्हणून फोन ठेवला तर तुला वाटेल मावशीचं वय झालं, म्हणून कारणं लिहायला बसले आहे. काका भाकरीच्या पिठाची वाट बघतायत, बघू देत थोडा वेळ.

औलीला चौदा दिवसांचा कोर्स केलास तेव्हा तिथल्या माणसाने कोठीतून जे काढून दिलं ते घालून घसरलीस, आणि ते योग्यच होतं. समोर नंदादेवी उभी असताना स्कीचं माप कोण बघतं? आता गोष्ट वेगळी आहे. आता तुझ्या मागे सहा-आठ माणसं एका रांगेत उभी राहणार आणि तुझे पाय बघून आपले पाय हलवणार. तुझी स्की तुला किती मजा देते याच्या आधी, तुझं वळण मागच्या माणसाला किती स्वच्छ दिसतं हे बघायचं. मला एवढंच सांगायचं आहे. बाकीचं पत्र त्याचाच तपशील.

आधी जागा समजून घे. या गावाला डोंगर नाही. १९६७ साली आखायला घेतलेलं हे सपाट शहर, आडव्या रस्त्यांना एच, उभ्यांना व्ही, आणि दर चौकात गोल चक्कर. त्यात एक्सस्केप या करमणूक केंद्राचं ते प्रचंड छप्पर, २००० साली उघडलेलं, आणि आत स्नोझोनचा १७० मीटरचा उतार. बर्फ खरा, हवा शून्याच्या खाली, पण उतार संपायला वेळ लागत नाही. बारा-पंधरा नीट वळणं घेतलीस की तळ आला, पुन्हा लिफ्टची दांडी धरायची. दिवसभर शेकडो लोक त्याच पट्ट्यावर घासत जातात. सकाळी भुसभुशीत असलेला बर्फ संध्याकाळपर्यंत मधोमध गुळगुळीत होतो आणि कडेला ढिगारे साचतात. तुझे पाच दिवस असल्याच बर्फावर जाणार.

आणि हे पाच दिवस कसे असतात तेही ऐक. बासीच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या स्की इन्स्ट्रक्टरांच्या संघटनेच्या, लेव्हल वनला शेवटी एक पेपर आणि एक धाव असं नसतं. पाचही दिवस प्रशिक्षक तुझ्याकडे बघत असतो. तू वेगात कशी येतेस यापेक्षा स्नोप्लाऊ, म्हणजे स्कींची टोकं जवळ आणून शेपट्या फाकवलेली पाचर, कशी करून दाखवतेस, त्या पाचरीतून स्की हळूहळू समांतर कशा आणतेस, आणि हे नवशिक्याला झेपेल इतक्या संथ गतीने करतेस का, हे तो तपासतो. पुढे स्की शाळेत ३५ तास दुसऱ्याच्या वर्गात उभं राहून काम बघायचं, प्रथमोपचार आणि मुलांच्या सुरक्षिततेचे भाग पुरे करायचे, मग परवाना. त्यावर मुख्यतः अशा छपराखालच्या आणि प्लास्टिकच्या उतारांवर शिकवता येतं. आल्प्समध्ये नोकरी शोधायची तर लेव्हल टू लागते, ती दहा दिवसांची आणि वर ७० तास कामाचा अनुभव, आणि तिथे टेकाडं नि न दाबलेला बर्फही येतो. त्याहून वरच्या परीक्षांची स्की आज घेऊ नकोस. ज्या गावाला जायचं नाही त्याचं तिकीट काढून काय उपयोग?

आता तुझे तीन फोटो.

पहिली, लाल, शर्यतीची स्लॅलम, १५५ सेंटीमीटर. तुझा जीव तिच्यावर आहे हे फोटोवरूनच कळलं. छान वळते, बारा-तेरा मीटरच्या त्रिज्येत फिरते, आणि या आखूड उतारावर ती उडवत खाली येणाऱ्या पोरांना बघून मलाही अजून भरून येतं. पण स्नोप्लाऊला स्की थोडी सपाट ठेवून बर्फावर पसरू द्यावी लागते. ही स्की तसं करू देत नाही. कड जराशी लागली की चावते आणि आत ओढते. परीक्षकाला तुझी पाचर डगमगताना दिसते, तुझ्या मांड्या भरून येतात, आणि मागच्या विद्यार्थ्याला वाटतं की हे करायला मोठी ताकद लागते. दुसरी, जायंट स्लॅलमची. बायकांच्या अधिकृत शर्यतीत या प्रकारच्या स्कीला ३० मीटरची त्रिज्या लागते. तुझी एवढी ताठ नसेल, पण घराणं तेच. १७० मीटरच्या उतारावर तिला अंग मोकळं करायला जागाच नाही. तिसरी, कमरेला ९६ मिलीमीटर, ताज्या खोल बर्फासाठी केलेली. घट्ट बर्फावर ती एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला वेळ घेते आणि तो भार गुडघ्यावर येतो.

तुला हवी ती यांच्या मधली. कंबर ७० ते ७६ मिलीमीटर, त्रिज्या तेरा ते पंधरा मीटर, लांबी तुझ्या उंचीला हनुवटी आणि नाकाच्या दरम्यान, म्हणजे साधारण १५०-१५५. टोकाला किंचित उचल असलेली, म्हणजे वळणाची सुरुवात सोपी होते. हाताने वाकवून बघ, मध्यम ताठ वाटली पाहिजे. दुकानात तिला 'पिस्ट स्की' म्हणतील, आणि कदाचित विकणारा पोरगा तुला तिच्याहून महागडी दाखवायला नेईल. जाऊ नकोस. ही स्की संथ वळणात ऐकते, आखूड वळणात उशीर करत नाही, आणि लेव्हल टूच्या टेकाडांवरही तुला तोंडघशी पाडत नाही.

घेतलीस की धार कशी असावी हे आपल्या स्वयंपाकघरातल्या गोष्टीने सांगते. आजीची विळी आठवते ना, कैऱ्या फोडायची? दर उन्हाळ्यापूर्वी सायकलवर चाक बसवलेला धारवाला यायचा, आणि आजी पातं परत घेताना त्यावर अंगठ्याचं नख हलकेच फिरवून बघायची. स्कीच्या कडेलाही तेच. नख आडवं फिरवलंस तर त्याचा पांढरा कीस निघाला पाहिजे. बाजूची कड ८८ अंशाला आणि तळाकडून एक अंश उचललेली, एवढं धार लावणाऱ्याला सांग. टोकाच्या आणि शेपटीच्या शेवटच्या काही सेंटीमीटरांची धार थोडी मोडून घे, म्हणजे स्नोप्लाऊत ती अडकत नाही. छपराखालचा बर्फ कडा लवकर बोथट करतो, म्हणून कोर्सच्या आदल्या रविवारी धार आणि मेण दोन्ही करून घ्यायचं. आणि कोर्सच्या सोमवारी सकाळी स्की पहिल्यांदा पायात घालायची नाही. निदान चार संध्याकाळी तिच्यावर घालव.

आता बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा सांधा. तुझ्या तिन्ही फोटोंखाली तू स्कीबद्दलच लिहिलं होतंस, बाइंडिंगबद्दल एक अक्षर नव्हतं, म्हणून काळजी वाटली.

१९३७ साली अमेरिकेत यालमार वाम नावाच्या नॉर्वेजियन स्कीपटूचा पाय मोडला. तेव्हा बूट स्कीला असा जखडलेला असायचा की माणूस पडला तरी स्की सुटायची नाही. पाय पिळवटून हाड जायचं. दवाखान्यात पडल्या पडल्या त्याने सुटणाऱ्या बाइंडिंगचं चित्र काढलं, आणि १९३९ मध्ये पोर्टलंडला त्याचं पेटंट घेतलं. आज तुझ्या बुटाच्या पुढे जे नाक आहे, ते त्याच कल्पनेचं वंशज. घसरताना धरून ठेवायचं आणि पडताना सोडायचं, ही दोन उलट कामं ते एकाच स्प्रिंगवर करतं. स्प्रिंग किती आवळायची हे 'डिन'चा आकडा सांगतो, बाइंडिंगवरच्या छोट्या खिडकीत दिसतो तो.

तो आकडा लोक मानाचा समजतात. मीही समजले होते.

माझ्या स्वतःच्या लेव्हल टूच्या तयारीत एका दुकानात फॉर्म भरायला दिला. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी, आणि शेवटी 'कसे स्की करता' याचे तीन प्रकार: सावध, मध्यम, आक्रमक. मी तिसऱ्यावर खूण केली. इन्स्ट्रक्टर होणार होते ना! आकडा वर गेला. दहा दिवसांनी, एका साध्या स्नोप्लाऊच्या प्रात्यक्षिकात, एखाद्या सायकलस्वाराच्याही मागे पडावं एवढ्या गतीत, माझी आतली कड अडकली. मी हळूच मागे आणि बाजूला बसले. स्की सुटली नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणून फाटला, तो हिवाळा सोफ्यावर गेला, आणि तुझी आई रोज फोन करून रडायची. लबाडी दुकानाची नव्हती, माझ्या खुणेची होती.

वेगात पडलं की स्प्रिंगवर जोर येतो आणि ती बहुधा सुटते. संथ, पिळवटून पडण्यात जोर हळूहळू चढतो आणि तोवर गुडघ्याने सोसायचं असतं. शिवाय बाइंडिंग मुख्यतः नडगीचं हाड वाचवायला घडलेलं आहे, गुडघ्याच्या आतल्या दोऱ्यांची हमी ते देत नाही. आणि आपण इन्स्ट्रक्टर दिवसाचा मोठा भाग संथच तर चालतो. मुलाला धरून, मागे बघत, उलटे सरकत. म्हणून फॉर्मवर खरं लिही. तुझं वजन आज जे आहे ते लिही, जानेवारीत जे व्हावंसं वाटतं ते नको. वजन आणि उंची दोन वेगळ्या ओळी दाखवत असतील तर तंत्रज्ञ कमी आकड्याची घेतो, त्याच्याशी वाद घालू नकोस. तळव्याची लांबी मिलीमीटरमध्ये बुटाच्या टाचेजवळ कोरलेली असते. नवे बूट घेतलेस की सगळं पुन्हा मोजून घ्यायचं. स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन आवळू नकोस, आणि वर्गातल्या कुणाचंही आवळू नकोस.

बाइंडिंग घेताना तुझा आकडा त्याच्या पट्ट्याच्या मधल्या भागात येईल असं घे. तुझ्यासारखीला ३ ते १० चा पट्टा पुरेसा आहे. त्या लाल स्कीवर १४ पर्यंत जाणारं बसवलं होतं, तुझा आकडा त्याच्या तळाशी लोंबत राहिला असता. बूट कोणत्या तळव्याचे आहेत ते तपास. जुने सपाट कडक तळवे आणि नवे रबरी, पुढे वळलेले ग्रिपवॉक तळवे, दोन्ही सगळ्याच बाइंडिंगमध्ये चालत नाहीत. बाइंडिंगवर ग्रिपवॉकचं नाव लिहिलेलं असेल तरच ते बूट त्यात. टाचेमागे दाब दाखवणारी छोटी खूण असते, ती बूट बसवल्यावर मर्यादेत आली पाहिजे. आणि पुढच्या तळव्याखालची ती गुळगुळीत पट्टी, जिच्यावर बूट बाजूला सरकून सुटतो, ती फाटलेली किंवा मातीने भरलेली असेल तर डिनचा आकडा कितीही बरोबर असला तरी त्याला अर्थ उरत नाही. एक्सस्केपच्या गाडीतळावर बूट घालून चालत येणारी पोरं मी रोज बघते. तळवे झिजतात, खडी चिकटते. रबरी आवरणं घालून ये, आणि प्रत्येक वेळी स्कीत पाय देण्याआधी बुटाचा तळवा दांड्याने खरवडून बर्फ काढ.

पैसे कमी पडतील तर वापरलेली स्की घे, लाज कसली. फक्त रुळावर सरकणारं बाइंडिंग बघ, म्हणजे बूट बदलले तरी स्कीला नवी भोकं पाडावी लागत नाहीत. कडांना अजून जाडी उरली आहे का, तळाला खोल ओरखडे आहेत का, हे उजेडात तिरपं धरून बघ. बाइंडिंग फार जुनं निघालं तर चांगला तंत्रज्ञ त्याला हात लावायला नाही म्हणेल. त्या नकाराचे आभार मान.

आणि हे सगळं बुटांच्या नंतर. तुझ्याकडे असलेल्या पैशांतला मोठा वाटा बुटांना दे, नीट मापून, पायाखालची गादी बसवून. बूट ढिला असला तर तुझं पाऊल काय म्हणतंय ते स्कीपर्यंत पोचतच नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीने ये. स्टेशनवर मी असेन. तिथून आपण आधी बूट बघू, मग संध्याकाळी सहाच्या सत्रात उतारावर तीन वेगवेगळ्या भाड्याच्या स्की घालून तुला माझ्या मागे स्नोप्लाऊ करायला लावते. रात्री जेवायला थालीपीठ. तोवर आत्ता आहेत त्या बुटांच्या टाचेवरचा आकडा मोबाइलवर फोटो काढून पाठव. जवळून, फ्लॅश बंद करून, नाहीतर प्लास्टिक चमकतं आणि काही वाचता येत नाही.

तुझी
मावशी