प्रकटीकरणाचे पुस्तक कसे वाचावे?



१० जुलै २०२४ रोजी सकाळी आपल्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. असा धक्का बसला की १९९३ ची किल्लारी आठवते आणि जगाचा अंत जवळ आला काय, असा प्रश्न मनात येतो. मग आपण प्रकटीकरणाचे पुस्तक उघडून त्यात तारीख शोधू लागतो.

पण हे पुस्तक म्हणजे पंचांग नव्हे. पहिल्या शतकाच्या अखेरीस, रोमी सत्तेखाली संकटे सोसणाऱ्या आशिया प्रांतातील सात ख्रिस्तसभांना धीर देण्यासाठी ते लिहिले गेले. त्याची भाषा सांकेतिक आहे. 'बाबेल' म्हणजे रोम. सात म्हणजे पूर्णता. ६६६ हा आकडा अनेक अभ्यासक सम्राट नीरोच्या नावाशी जोडतात, कारण हिब्रू अक्षरांना अंकांचे मूल्य असते. म्हणूनच पवित्र शास्त्र वाचताना लेखनाचा प्रकार ओळखावा, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिकवले.

भूकंप होतील, पण तो शेवट नव्हे, असे प्रभू येशूने सांगितले (मार्क १३). तो दिवस केवळ पित्याला ठाऊक आहे. मग आपण तारखा का सांगाव्यात?

जमीन हादरली, तर घाबरलेल्या शेजाऱ्याला भाकीत नको, आधार द्यावा. भिंतीला तडा गेलेल्या घरातील एकटी म्हातारी रात्री कुठे झोपणार, हे आधी पाहावे. प्रभूने सांगितलेले जागे राहणे ते हेच. प्रकटीकरणाचा शेवटही विनाशात होत नाही. देव डोळ्यांतील अश्रू पुसतो, तिथे होतो (प्रकटीकरण २१).